आधी मूळ धुऊन पाहा



जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय १९६४ पासून ज्या शहरात आहे, त्या जबलपुरात, ओमतीमध्ये आपण जमलो आहोत. त्यामुळे सूत्रकृमीवर बोलताना मला प्रस्तावनेची गरज वाटत नाही. पॉलिहाऊस आले, शेडनेट आले आणि त्यांच्या पाठोपाठ ढोबळी मिरची, काकडी, टोमॅटो यांच्या मुळांवर सूत्रकृमीच्या गाठी आल्या. या रोगाची पहिली नोंदही छपराखालचीच आहे. १८५५ साली इंग्लंडमध्ये माइल्स बर्कली यांनी काचघरातल्या काकडीच्या मुळांवर त्या पाहिल्या. ऊब, ओल आणि त्याच बेडवर पुन्हा पुन्हा तेच पीक, ही सगळी सोय आपणच करून देतो. एका अंडीपुंजात शेकडो अंडी असतात आणि उबदार मातीत महिनाभरात नवी पिढी उभी राहते. ढोबळी मिरची आठ-नऊ महिने शेतात असते. हिशेब सांगायला नको.

जबलपूर हा मटाराचा जिल्हा. मटाराच्या मुळावर गाठी दिसल्या की इथला शेतकरी खूश होतो, आणि ते रास्तच आहे. त्या नत्राच्या गाठी. हीच नजर टोमॅटोकडे वळली की घात होतो. रोप उपटा, मूळ धुवा, गाठीला नखाने ढकला. नत्राची गाठ बाजूला चिकटलेली असते, अलगद सुटते आणि फोडली तर आत गुलाबी निघते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे फुगलेले मूळच. ती सुटत नाही, मूळ तुटते. मटारावर दोन्ही एकत्रही सापडतात, म्हणून प्रत्येक गाठीला नख लावावे.

आता औषधांविषयी. रासायनिक की जैविक, हा वाद मला निष्फळ वाटतो. फ्लुओपायरमसारखे औषध मातीत फिरणाऱ्या पिल्लांना लुळे करते, पण चिकट आवरणातल्या अंड्यांपर्यंत त्याचा हात नीट पोहोचत नाही. पर्प्युरिओसिलियम लिलासिनम ही बुरशी नेमकी अंड्यांत शिरते. म्हणजे कामे वेगळी आहेत. मात्र दोन्ही एकाच टाकीत कालवू नयेत, कारण फ्लुओपायरम बुरशीनाशकही आहे. शिवाय काकडीचा तोडा दिवसाआड असतो. तोडा सुरू झाल्यावर रसायनाचा प्रतीक्षा कालावधी कुठे पाळणार? म्हणून रसायन लागवडीच्या वेळी एकदाच, तेही लेबलवर त्या पिकाचे नाव असेल तरच. पुढची राखण शेणखत आणि निंबोळी पेंडीत वाढवलेल्या बुरशीने करायची. फोरेटवर डिसेंबर २०२० च्या अखेरपासून देशात बंदी आहे, तरी त्याचे नाव अजून सल्ल्यांत ऐकू येते, याचा मला राग येतो.

जैविक पुडी ही जिवंत वस्तू आहे. मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात तापलेली पुडी मातीत टाकायची आणि मग 'जैविकाने काही होत नाही' म्हणायचे, हा त्या बुरशीवर अन्याय आहे.

हाच उन्हाळा दुसरीकडे आपल्या कामाचा आहे. एप्रिल-मेमध्ये बेड ओले करून पारदर्शक पॉलिथीन चार ते सहा आठवडे घट्ट अंथरले, तर वरच्या थरातले सूत्रकृमी मोठ्या प्रमाणात मरतात. काळे मल्चिंग तेवढी माती तापवत नाही. खोल गेलेले मात्र वाचतात. प्रतिकारक टोमॅटोवर विसंबावे, तर त्यातला एमआय जनुक माती २८ अंशांपुढे तापली की ढिला पडतो. महाकोशलात ही अट कितीदा मोडते ते तुम्ही जाणता.

या सगळ्या खर्चावर एक दूषित रोप पाणी फिरवते. दुपारच्या सत्रात रोपवाटिकांबाबतचा ठराव येणार आहे. विक्रीपूर्वी प्रत्येक खेपेतली काही रोपे ट्रेमधून काढून ग्राहकासमोर मुळे धुऊन दाखवावीत, आणि गाठ आढळल्यास ती संपूर्ण खेप नष्ट करावी, हे कलम त्यात घालावे अशी माझी सूचना आहे.