ग्राफीन : जमा आणि नावे



कापडाच्या पेढीवर ताग्याची प्रत ठरविताना एक साधे माप वापरले जाते : एक चौरस मीटर कापडाचे वजन किती ग्रॅम भरते? सदऱ्याचे सुती कापड साधारणतः १०० ते १२५ ग्रॅम भरते, तर जाड डेनिम ४०० च्या घरात जाते. आता असा एक पदार्थ कल्पनेत आणावा, की ज्याच्या एक चौरस मीटर पडद्याचे वजन केवळ ०.७७ मिलिग्रॅम आहे. आणि तरीही, शास्त्रज्ञांच्या गणितानुसार, त्याची झोळी बांधल्यास तीत ४ किलो वजनाचे मांजर निर्धास्त झोपू शकेल. या पदार्थाचे नाव ग्राफीन.

पेन्सिलीतील शिसे हे वस्तुतः शिसे नसून ग्राफाइट, म्हणजे कार्बनचे एक रूप असते. घडी घातलेल्या ताग्याप्रमाणे ग्राफाइटमध्ये थरावर थर असतात. प्रत्येक थर हा अणूंच्या षटकोनी विणीची जाळी; थराथरांमधील बंध मात्र सैल. म्हणूनच पेन्सिल कागदावर फिरताच थर सुटतात आणि रेघ उमटते. १ मिलिमीटर जाडीच्या ग्राफाइटमध्ये असे सुमारे ३० लाख थर मावतात. त्यांतील एकच सुटा थर म्हणजे ग्राफीन. त्याचे गणित फिलिप वॉलेस यांनी १९४७ सालीच मांडले होते. परंतु त्याचे गुणधर्म पारखता येतील असा सुटा थर हाती येण्यास २००४ साल उजाडावे लागले. ज्या मँचेस्टरच्या कापडाने एके काळी भारताची बाजारपेठ व्यापली होती, त्याच शहराच्या विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने ग्राफाइटचे पापुद्रे पुन्हा पुन्हा सोलून हा थर मिळविला. २०१० साली उभयतांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले.

प्रथम जमेची बाजू पाहू. ग्राफीन समान जाडीच्या पोलादाहून १०० पटींपेक्षा अधिक बळकट आहे. उष्णता ते तांब्याहून सरस वाहून नेते, विजेचेही ते उत्तम वाहक आहे. २०१३ साली टेनिसच्या रॅकेटमध्ये, २०१८ साली मोटारींच्या इंजिनाभोवतीच्या फोमच्या भागांत आणि मोबाइल फोन थंड राखणाऱ्या पडद्यात त्याचा शिरकाव झाला. २०२१ साली इंग्लंडमधील एम्सबरी येथे एका व्यायामशाळेची जमीन ग्राफीनमिश्रित काँक्रीटने घालण्यात आली. काँक्रीटची ताकद वाढली म्हणजे सिमेंट कमी लागते, हा त्यामागील विचार. ग्राफीन ऑक्साइडच्या द्रावणात सुती कापड बुडवून त्यावर पुढील प्रक्रिया केल्यास ते वीज वाहू लागते, असेही प्रयोगांत दिसले आहे. भारतातील उदाहरण अधिक हृद्य आहे. मद्रासच्या आयआयटीमध्ये प्रा. टी. प्रदीप आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली साध्या साखरेपासून ग्राफीनसदृश कार्बन तयार करून तो वाळूच्या कणांवर चढविला आणि त्या वाळूने पाण्यातील कीटकनाशक व रंग वेगळे करून दाखविले.

आता खतावणीचे दुसरे पान. जी नोंद जमेकडे तत्काळ होते, तिची नावेकडील नोंद कित्येकदा पंचवीस-तीस वर्षांनी उघडकीस येते. कापसाच्या धंद्याला हा अनुभव नवा नाही. सूतगिरण्यांत कापूस पिंजण्याच्या खात्यात काम करणाऱ्या कामगारांची छाती साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर येताच आवळू लागे. बिसिनोसिस नावाच्या त्या व्याधीचे मूळ कापसाच्या धुळीत होते. ॲस्बेस्टॉसची कथा याहून दारुण. न जळणारा, स्वस्त, बहुगुणी म्हणून तो जगभर वापरला गेला आणि त्याच्या तंतूंनी होणारा कर्करोग कित्येक दशकांनी प्रकट झाला.

ग्राफीनच्या बाबतीत ही चौकशी आरंभीच सुरू झाली, हे सुचिन्ह मानावे लागेल. एडिंबरो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली दाखविले, की ग्राफीनच्या चकत्या रुंदीने मोठ्या असल्या, तरी अतिशय पातळ असल्याने हवेत तरंगत थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचू शकतात. तेथील सफाई करणाऱ्या पेशींना त्या पूर्णपणे गिळता येत नाहीत आणि उंदरांमध्ये दाह निर्माण होतो. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाने २०१३ साली चकतीचे अणकुचीदार कोपरे पेशीचे आवरण भेदू शकतात, हे दाखविले. पाण्याच्या बाबतीत रिव्हरसाइड येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचा २०१४ चा अभ्यास उद्बोधक आहे : ग्राफीन ऑक्साइड भूजलात गोळा होऊन खाली बसते, परंतु नदी-तलावांच्या पाण्यात ते तरंगत दूरवर जाऊ शकते.

दिलासा देणारे निष्कर्षही आहेत. मानवी रक्तातील पांढऱ्या पेशींचे एक विकर ग्राफीन ऑक्साइडचे हळूहळू विघटन करू शकते, हे स्ट्रासबर्गच्या संशोधकांनी दाखविले. २०२४ साली एडिंबरो येथील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १४ स्वयंसेवकांनी अतिशुद्ध ग्राफीन ऑक्साइड नियंत्रित प्रमाणात दोन तास श्वासावाटे घेतले. फुप्फुसे, रक्तदाब वा हृदयाच्या कार्यावर तत्काळ गंभीर परिणाम आढळला नाही. मात्र दोन तासांची परीक्षा आणि कारखान्यातील वीस वर्षांची नोकरी यांचा हिशेब एक नव्हे.

या संदर्भात मुखपट्टीचे प्रकरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये कॅनडाच्या आरोग्य खात्याने ग्राफीनचा लेप असलेल्या मुखपट्ट्या वापरू नयेत, असा इशारा दिला. तत्पूर्वी क्युबेक प्रांतात त्या शाळा व पाळणाघरांपर्यंत पोहोचल्या होत्या. तपासणीअंती जुलैमध्ये काही विशिष्ट मुखपट्ट्यांना पुन्हा परवानगी मिळाली, कारण त्यांतून अपायकारक प्रमाणात कण सुटत नसल्याचे दिसून आले. तात्पर्य, माल सुरक्षित ठरला. पण मुलांच्या तोंडावर बांधल्यानंतर तपासला गेला. क्रम उलटा झाला.

सर्वाधिक जोखीम ग्राहकाची नसून कारखान्यातील कामगाराची आणि कारखान्यालगतच्या वस्तीची आहे. ग्राफीन ऑक्साइड करण्याच्या, १९५८ पासून प्रचलित असलेल्या हमर्स पद्धतीत तीव्र गंधकाम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट लागते. धुलाईचे आम्लयुक्त, मँगनीजमिश्रित पाणी शुद्ध न करता नाल्यात सोडल्यास त्याची किंमत शेजारची विहीर मोजते. कोरडी भुकटी हाताळण्याऐवजी ओला लगदा वापरणे, बंद पात्रात काम करणे, योग्य श्वसनपट्टी देणे हे उपाय साधे आहेत. त्यांचा खर्च उत्पादनखर्चातच धरला गेला पाहिजे.

श्रोतेहो, नव्या वस्तूचे भय बाळगण्याचे कारण नाही. आंधळा लोभही नको. उद्या 'ग्राफीनयुक्त' अशी चिठ्ठी लावलेले कापड दुकानात येईल, तेव्हा दुकानदाराने पुरवठादारास इतके तरी विचारावे : यात ग्राफीन कोणत्या रूपात आहे? धुतल्यावर, घासल्यावर ते सुटते काय? आणि ते तयार करणाऱ्या हातांची काळजी कोणी घेतली? उत्तर कागदावर मिळाले, तरच माल उतरवून घ्यावा. नावेची बाजू कोरी ठेवून मांडलेला ताळेबंद कितीही देखणा दिसला, तरी तो खरा नसतो.