वैद्यकीय महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर
(शिरूर व दौंड तालुक्यांतील विद्यार्थ्यांच्या पूर्वतयारीविषयीचे भाषण)



शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन शेजारी तालुके. एकाचे मुख्य गाव घोड नदीच्या काठी, पुणे-अहिल्यानगर हमरस्त्यावर वसलेले; दुसऱ्याचे भीमेच्या काठी, मुंबई-सोलापूर लोहमार्गावरील मोठे जंक्शन. न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे जाणारा रस्ता या दोन्ही मुलुखांना जोडतो. या रस्त्याच्या आसपासच्या एखाद्या गावातील शेतकऱ्याच्या किंवा कामगाराच्या घरातील मुलगी वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत यश मिळवते, तेव्हा गावात पेढे वाटले जातात, वेशीवर फलक लागतो आणि ग्रामपंचायतीच्या सभागृहात सत्कार होतो. सत्कार यथोचितच आहे. परंतु शाल-श्रीफळ स्वीकारल्यानंतर महाविद्यालयाचे दार उघडेपर्यंतचे आठवडे कसे खर्ची पडतात, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. कागदपत्रांसाठी धावपळ आणि उरलेला वेळ नातेवाइकांकडे भेटी, असाच हा काळ सरतो. वास्तविक, पहिल्या वर्षाचे यशापयश बऱ्याच अंशी याच काळात ठरत असते.

परीक्षेचे स्वरूपच विचारात घ्यावे. 'नीट' परीक्षेत चार पर्यायांतून एक निवडावयाचा असतो. २०१७ पासून ही प्रश्नपत्रिका मराठीतूनही उपलब्ध झाली आहे. दोन वर्षे अशा वर्तुळांना काळे करण्यात घालविलेल्या विद्यार्थ्यास वैद्यकीय महाविद्यालयात अचानक दीर्घ उत्तरे लिहावी लागतात आणि, त्याहून कठीण म्हणजे, परीक्षकासमोर उभे राहून तोंडी उत्तरे द्यावी लागतात, तीही इंग्रजीतून. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र हे विषय पूर्वी दीड वर्षात शिकविले जात. १९९७ च्या नियमांनंतर ते एका वर्षात आले. पहिल्या वर्षाची परीक्षा चार प्रयत्नांत उत्तीर्ण झाले नाही, तर पुढील मार्ग बंद होतो. बारावीपर्यंत वर्गात पहिला येणारा मुलगा पहिल्या चाचणीत मागे पडतो, तेव्हा त्याच्या मनावर होणारा आघात लहान नसतो. 'आपण येथे चुकून तर आलो नाही ना?' ही शंका तो घरी कळवीत नाही. कारण गावाने त्याचा सत्कार केलेला असतो.

ही अडचण ओळखूनच तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने २०१९ मध्ये पायाभूत अभ्यासक्रम सुरू केला. प्रथम वर्षाच्या आरंभी एक महिन्याचा, एकूण १७५ तासांचा हा कार्यक्रम आखण्यात आला. त्यात ओळखवर्गासाठी ३० तास, प्रथमोपचार व तत्सम कौशल्यांसाठी ३५, व्यावसायिक वर्तन व नीती यांसाठी ४०, भाषा आणि संगणक यांसाठी ४०, खेळ व इतर उपक्रमांसाठी २२ आणि सामूहिक आरोग्य केंद्राच्या भेटीसाठी ८ तास राखून ठेवण्यात आले. पुढे या कार्यक्रमाचा काळ कमी करण्यात आला. योजना स्तुत्य आहे, यात शंका नाही. तथापि सतरा-अठरा वर्षांत अंगवळणी पडलेली भाषेची भीती चाळीस तासांत जाईल, अशी अपेक्षा करणे महाविद्यालयावर अन्याय करणारे ठरेल. ते काम तालुक्यातच सुरू झाले पाहिजे, आणि ते करण्याची पात्रता तालुक्यातील शिक्षकांत निश्चित आहे.

भाषेचे ओझे आणि भाषेचे भांडवल

वैद्यकशास्त्रातील संज्ञा ग्रीक व लॅटिन मुळांपासून घडविलेल्या आहेत. पहिल्या दिवशी त्या डोंगराएवढ्या वाटतात, पण त्यांची घडण मराठी मुलास परकी वाटण्याचे कारण नाही. 'आयटिस' हा प्रत्यय दाह दर्शवितो. 'हेपॅटो' म्हणजे यकृतासंबंधी, 'नेफ्रो' म्हणजे मूत्रपिंडासंबंधी. मग 'हेपॅटायटिस' म्हणजे यकृतदाह आणि 'नेफ्रायटिस' म्हणजे मूत्रपिंडदाह, हे निराळे सांगावे लागत नाही. 'हायपर' म्हणजे अधिक, 'हायपो' म्हणजे उणे. मराठी शाळेत ज्याने समास सोडविले, त्याला हा तत्पुरुषाचाच प्रकार आहे हे चटकन उमगते. अशी शंभरेक मुळे मोकळ्या आठवड्यांत तोंडपाठ झाली, तरी व्याख्यानातील निम्मा अंधार दूर होतो. गावातील जीवशास्त्राच्या शिक्षकाने रोज तासभर विद्यार्थ्यास समोर उभे करून हृदयाचे कार्य प्रथम मराठीत आणि मग इंग्रजीत मोठ्याने सांगावयास लावावे. उच्चार चुकला तरी चालेल. थांबू नये, एवढेच पाहावे. तोंडी परीक्षेत मौनाला गुण नसतात.

हे झाले ओझ्याविषयी. पण ग्रामीण विद्यार्थ्याजवळ भाषेचे एक भांडवलही असते, आणि त्याची जाणीव त्याला कोणी करून देत नाही. रुग्ण दवाखान्यात येतो तो पाठ्यपुस्तकाची भाषा बोलत नाही. तो म्हणतो, पोटात कळ येते, बोट ठणकते, पाठीत चमक भरते, डोक्यात तिडीक उठते, पायाला मुंग्या येतात, अंगात कणकण आहे, डोळ्यांपुढे अंधारी येते. यातील प्रत्येक शब्द म्हणजे निदानाचा एकेक धागा आहे. कळ ही येते आणि ओसरते. ठणका नाडीच्या ठोक्यागणिक उसळतो आणि पुष्कळदा आत पू धरल्याचे सुचवितो. चमक क्षणात शिरते आणि क्षणात जाते. इंग्रजी माध्यमातील शहरी विद्यार्थ्याला हे भेद रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहून, दुभाष्याच्या मदतीने शिकावे लागतात. न्हावऱ्याच्या किंवा यवतच्या मुलीने ते आजीच्या तोंडून ऐकलेले असतात. तिने सुट्टीत एक वही करावी आणि घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दुखण्याचे असे शब्द, त्यांच्या छटांसह, टिपून ठेवावेत. तिसऱ्या वर्षी ती वही सहाध्यायी मागून नेतील.

पहिला गुरू

प्रथम वर्षातील सर्वांत मोठा मानसिक प्रसंग म्हणजे शरीरविच्छेदनाचा पहिला दिवस. फॉर्मलिनचा डोळ्यांना झोंबणारा वास आणि मेजावरील निश्चल देह यांमुळे कित्येकांना भोवळ येते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. अनेक महाविद्यालयांत आता या दिवशी विद्यार्थी देहासमोर उभे राहून आदराची शपथ घेतात आणि देहदात्याला आपला पहिला गुरू मानतात. हा देह तेथे येतो कोठून, हे मात्र विद्यार्थ्याच्या घरच्यांनाही ठाऊक नसते. १९४९ च्या शरीररचनाविषयक कायद्यान्वये बेवारस मृतदेह शिक्षणासाठी देण्याची तरतूद झाली. त्याचबरोबर कित्येक नागरिक स्वेच्छेने देहदान करतात. कोणा एका कुटुंबाने अंत्यसंस्काराचा आपला हक्क सोडला, म्हणून विद्यार्थ्याला स्नायू आणि रक्तवाहिन्या प्रत्यक्ष पाहावयास मिळतात. गावात मयत झाली म्हणजे शेजारीपाजारी कामधंदा सोडून येतात, देहाला अखेरचे स्नान घालतात, आवाज खाली ठेवतात. ही रीत ज्याने पाहिली आहे, त्याला विच्छेदनगृहात कसे वागावे हे वेगळे शिकविण्याची फारशी गरज पडू नये. घरातील कर्त्या माणसाने जाण्यापूर्वी एवढे बोलून ठेवले तर तो दिवस सुसह्य होतो.

एका आप्तेचे उदाहरण

केडगाव हे दौंड तालुक्यातील गाव पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनामुळे जगाला माहीत झाले. याच रमाबाई ११ मार्च १८८६ रोजी इंग्लंडहून अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे एका पदवीदान समारंभासाठी मुद्दाम गेल्या होत्या. पदवी घेणारी विद्यार्थिनी त्यांची आप्त होती : डॉ. आनंदीबाई जोशी. आनंदीबाईंच्या धैर्याचे वर्णन शाळाशाळांतून होते, पण त्यांच्या पूर्वतयारीकडे फारसे लक्ष दिले जात नाही. एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघण्यापूर्वी त्यांनी श्रीरामपूर येथे जाहीर भाषण करून, आपण परदेशी का जात आहोत आणि तेथे कसे राहणार आहोत, याची आक्षेपकांना उत्तरे दिली. कार्पेंटरबाईंशी त्यांचा पत्रव्यवहार आधीपासून चालू होता. जूनमध्ये अमेरिकेत उतरल्यावर महाविद्यालय सुरू होईपर्यंतचे महिने त्या याच बाईंच्या घरी राहिल्या. तेथील भाषा, रीतिरिवाज, थंडी यांची ओळख करून घेतली आणि मगच वर्गात पाऊल टाकले. आजच्या भाषेत तोच त्यांचा पायाभूत अभ्यासक्रम होय.

तथापि या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बुद्धीची आणि मनाची तयारी पूर्ण असूनही परक्या हवामानात आणि अपुऱ्या आहारावर त्यांची प्रकृती ढासळली. क्षयाने ग्रासलेल्या अवस्थेत त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, निवर्तल्या. पुण्याचे वसतिगृह म्हणजे फिलाडेल्फिया नव्हे, हे खरे. पण रात्रीचे जागरण, खानावळीचे जेवण आणि घरापासूनची ताटातूट यांनी आजही विद्यार्थी खंगतात. म्हणून जाण्यापूर्वी रक्ताची तपासणी करून घ्यावी. पांडुरोग असल्यास त्यावर उपचार सुरू करावेत. यकृतदाहाच्या 'ब' प्रकारावरील लस बालपणी मिळाली आहे काय, हे लसीकरण कार्डावरून पाहावे. मिळाली नसल्यास पहिली मात्रा, एक महिन्याने दुसरी व सहा महिन्यांनी तिसरी, असा क्रम असल्यामुळे विलंब करून चालत नाही. मनाच्या आजारासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. हा क्रमांक विद्यार्थ्याच्या इतकाच पालकांच्याही जवळ असावा. छळाच्या बाबतीत तर महाराष्ट्राने १९९९ मध्येच रॅगिंगविरोधी कायदा केला असून त्यात दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. 'मोठी मुले थोडी चेष्टा करणारच' असे म्हणून पालकांनी तक्रार दडपू नये.

कागदपत्रांबाबत थोडक्यात सांगावयाचे तर, अधिवासाचा दाखला, जातीचे व जातवैधता प्रमाणपत्र, उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला ही कामे निकालानंतर सुरू करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. बारावीच्या वर्षातच शाळेने व तलाठ्याने मिळून ती मार्गी लावावीत. शासकीय महाविद्यालयात प्रवेश घेताना पदवीनंतरच्या एक वर्षाच्या शासकीय सेवेचे बंधपत्र करून द्यावे लागते. पालकांनी ते वाचून मगच सही करावी.

ओळख कोणाशी?

नवागतांची ओळख म्हणजे केवळ इमारती, ग्रंथालय आणि नियमावली यांची ओळख, असा समज रूढ आहे. त्याला छेद देणारा प्रयोग महाराष्ट्रातच झाला. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. तेथील नवे विद्यार्थी आरंभीचे पंधरा दिवस गांधीजींच्या आश्रमात राहतात. प्रार्थना, सफाई, श्रमदान आणि सूतकताई यांत भाग घेतात. त्यानंतर प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, तेथे शिबिरासाठी मुक्काम करते आणि नेमून दिलेल्या कुटुंबांच्या आरोग्याची विचारपूस पुढेही करीत राहते.

शिरूर तालुक्यालाही अशा कामाची परंपरा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७२ मध्ये वढू येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प हाती घेतला. शहरातील सुसज्ज रुग्णालयाने खेड्यातील स्त्रियांपर्यंत पोचावे, आणि गावातीलच माणसांना आरोग्यसेवेचे शिक्षण द्यावे, हे त्यांचे धोरण होते. १९९३ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्काराने गौरविण्यात आले. वैद्यकीय शिक्षणासाठी निघालेल्या या भागातील मुलामुलींनी वढूचे हे काम आणि आपल्या गावचे प्राथमिक आरोग्य केंद्र, ही दोन्ही जाण्यापूर्वी पाहून घ्यावीत. आशा कार्यकर्तीबरोबर एक दिवस हिंडल्याने जे कळते, ते आठ तासांच्या औपचारिक भेटीत कळत नाही.

सेवाग्रामच्या प्रयोगाशी नाते सांगणारा कुटुंब दत्तक कार्यक्रम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सर्वच वैद्यकीय महाविद्यालयांसाठी लागू केला. पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपविली जातात आणि शिक्षण चालू असेतो त्याने त्यांच्या संपर्कात राहावयाचे असते. पुण्यातील महाविद्यालये तर आहेतच, शिवाय दौंडला लागून असलेल्या बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे. तेव्हा आपल्या गावाची निवड कधी तरी होईल, हे पंचायतीने गृहीत धरून चालावे.

त्या दिवशी गावात उतरणारे विद्यार्थी गोंधळलेले असतात. कोणाला मराठी येत नाही, कोणी गोठा प्रथमच पाहत असतो. त्यांना व्यासपीठावर बसवून हार घालण्याचे कारण नाही. घरोघरी नेऊन बसवावे. भेटीची वेळ सकाळच्या धारा आणि दूध संकलन आटोपल्यानंतरची असावी. कुटुंबांची यादी करताना चौकातील पक्क्या घरांचीच नावे पुढे करण्याचा मोह पंचायतीने आवरावा. गळिताच्या हंगामात ऊसतोडणी कामगारांच्या कोप्या गावाबाहेर पडलेल्या असतात. गरोदर स्त्रिया, तान्ही मुले, उसाच्या पात्याने चिरलेले हात हे सारे तेथे असते; पण गावच्या नोंदवहीत त्यांचे नाव नसते. हंगाम संपताच ही कुटुंबे निघून जात असल्याने दत्तक यादीत त्यांचा समावेश होणे कठीण आहे. तरीही विद्यार्थ्यांच्या पहिल्या फेरीत आशा कार्यकर्तीने त्यांना एकदा कोप्यांवर घेऊन जावे. कोणत्या बाळाची लस राहिली आहे याची चिठ्ठी त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवावी, आणि ते कुटुंब कोणत्या तालुक्यास परत जाणार आहे हेही तीत लिहावे.