गोष्टीच्या आत जाऊन बसायचं

कामं आटपून, चहाचा कप घेऊन रेडिओजवळ बसला असाल. काहीजणी अजून भाकरी थापत असतील. थापत थापत ऐका.

मी तुमच्यासारखीच बचत गटातली. गटांची समन्वयक म्हणून पासबुकं, हप्ते, इतिवृत्त यांत माझा आठवडा जातो. पण आज हप्त्यांबद्दल बोलणार नाही. आमच्या नगर जिल्ह्यात ख्रिस्ती वस्त्या बऱ्याच आहेत. आमच्या वस्तीवरच्या आम्ही नऊजणी रविवारी संध्याकाळी एकीच्या ओसरीवर प्रार्थनेला बसतो. तिथे काय करतो, ते सांगते. ऐकणाऱ्या सगळ्या ख्रिस्ती नाहीत, हे मला माहीत आहे. तरी ऐका, कारण गोष्ट शेवटी बायकांचीच आहे.

आधी आम्ही शाळेसारखं करायचो. मी बायबलमधली गोष्ट वाचायची आणि विचारायचं, "यातून काय शिकलात?" सगळ्या एका सुरात म्हणायच्या, "विश्वास ठेवावा." झालं. घरी जायचं. गोष्ट कोणतीही असो, उत्तर तेच.

मग आमच्या चर्चमधल्या एका सिस्टरांनी वेगळी रीत शिकवली. रीत जुनी आहे. इग्नेशियस लोयोला नावाचा स्पेनचा एक सरदार होता. 1521 साली पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं त्याचा पाय मोडला. खाटेवर पडल्यापडल्या त्यानं शूरवीरांच्या कहाण्यांची पुस्तकं मागितली. घरात ती नव्हती. मिळालं ते येशूचं चरित्र आणि संतांच्या गोष्टी. त्या वाचता वाचता तो मनानं त्या गोष्टींत शिरायला लागला आणि त्याचं आयुष्यच पालटलं. पुढे त्यानं येशूसंघ स्थापन केला. गोव्याला ज्यांच्या दर्शनाला लोक जातात, ते संत फ्रान्सिस झेवियर त्याचेच सोबती. 1548 साली छापलेल्या त्याच्या साधनेच्या पुस्तकात ही रीत आहे. गोष्ट नुसती वाचायची नाही, तिच्या आत जाऊन बसायचं. डोळ्यांनी बघायचं, कानांनी ऐकायचं, वास घ्यायचा, हात लावायचा. आणि शेवटी येशूशी मैत्रिणीशी बोलावं तसं बोलायचं.

हे ऐकल्यावर आमच्यातल्या एक म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, "अगं, यात नवं काय? जात्यावर बसणाऱ्या बाया दुसरं काय करायच्या? जनीबरोबर विठोबाला दळायला बसवलंच ना त्यांनी?" खरंच आहे. देवाला आपल्या घरात, आपल्या कामात आणून बसवायचं, हे आपल्या मातीतल्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही.

आता आम्ही कसं करतो, ते सांगते. लहान गोष्ट घ्यायची, दहा-पंधरा ओळींची. मेणबत्ती लावायची, फोन बंद. दोन मिनिटं नुसता श्वास. मग एकीनं सावकाश वाचायचं. थोडं थांबून पुन्हा वाचायचं. मग डोळे मिटून दहा-बारा मिनिटं गप्प. ऊन आहे की सावली? धूळ आहे का? कोण कोण दिसतंय? मी कुठे उभी आहे? नंतर जिला वाटेल तिनं एक-दोन वाक्यं बोलायची. जिला नको तिनं "पुढे" म्हणायचं. शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. पाऊण तासात उठतो, कारण घरी स्वयंपाक वाट बघत असतो.

एका रविवारी मार्कच्या पाचव्या अध्यायातली गोष्ट घेतली. एका बाईला बारा वर्षं अंगावरून जात होतं. वैद्यांपायी होतं नव्हतं ते सगळं संपलं, आणि दुखणं वाढतच गेलं. त्या काळी अशा बाईचा विटाळ मानायचे, तिनं कुणाला शिवायचं नाही. येशू गर्दीतून चालला होता. याईर नावाच्या मोठ्या माणसाची बारा वर्षांची मुलगी मरणाला टेकली होती, तिच्याकडे निघाला होता. ही बाई मागून आली आणि त्याच्या वस्त्राला हळूच हात लावला. रक्त थांबलं. पण येशूही थांबला. कोण शिवलं, म्हणून विचारायला लागला. शिष्य म्हणाले, एवढ्या गर्दीत काय विचारता! ती बाई थरथरत पुढे आली आणि सगळं खरं सांगितलं. तो रागावला नाही. तिला मुलगी म्हणाला आणि शांतीनं घरी जायला सांगितलं.

वाचून झालं. गप्प बसलो. मग एकेक बोलायला लागली. एक म्हणाली, "मी गर्दीत होते, माझ्या पायावर कुणीतरी पाय दिला." मावशी म्हणाल्या, "मला काही दिसलं नाही बाई. चुलीवर दूध ठेवून आलेय, तेच दिसत होतं." हसलो सगळ्या. तिसरी म्हणाली, "मी याईराची बायको होते. लेकीच्या उशाशी बसलेले. मला राग येत होता, माझी पोर मरायला टेकली आणि हा रस्त्यात कुणाशी बोलत थांबला?" मी अंगावर शहारले. शंभर वेळा ती गोष्ट वाचली असेल, पण घरी थांबलेल्या त्या आईचा विचार कधी मनात आला नव्हता.

एक ताई मात्र "पुढे" म्हणाली. निघताना अंधारात माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मी मागं उभी होते. हात पुढं केला, पण परत घेतला." मग सांगितलं. सात महिने तिला अंगावरून जात होतं. घरी म्हणाले, वयामुळे होतं. ती कापडं बदलत होती आणि कांदा खुरपायला जात होती.

आता माझी चूक सांगते. मला वाटलं, लवकर दवाखान्यात न्यायला हवं. दुसऱ्या दिवशी गाडीची सोय बघायला म्हणून एकीला कारण सांगितलं. संध्याकाळपर्यंत ते तिच्या सासरच्या कानावर गेलं. तीन रविवार ती आली नाही. तिनं देवासमोर उघडलेली गोष्ट मी वेशीवर टांगली होती, आणि तीही भल्यासाठी म्हणून.

चौथ्या आठवड्यात मी तिच्या शेतावर गेले. कांद्याच्या वाफ्यात तिच्याशेजारी बसले आणि माफी मागितली. बराच वेळ ती खुरपतच राहिली. मग म्हणाली, "ताई, आता सगळ्यांना माहीतच झालंय, तर चला दवाखान्यात." तिचं हिमोग्लोबिन सहा निघालं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी दिसल्या. गटातून अंतर्गत कर्ज दिलं. आधी रक्त चढवलं, मग ऑपरेशन झालं. आज ती बरी आहे, हप्तेही फेडते आहे.

मैत्रिणींनो, नीट ऐका. प्रार्थनेनं तिचं रक्त थांबलं, असं मी म्हणणार नाही. रक्त डॉक्टरांनी थांबवलं. प्रार्थनेनं तिला तोंड उघडायचं बळ दिलं. बारा वर्षं सोसलेल्या त्या बाईच्या मागे उभं राहिल्यावर तिला पहिल्यांदा वाटलं, आपलं हे दुखणं सांगण्यासारखं आहे. तुमच्यापैकी कुणाला दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जात असेल, पाळी आठ-दहा दिवस थांबत नसेल, किंवा पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा डाग दिसत असेल, तर वयामुळे म्हणून गप्प बसू नका. तपासून घ्या.

त्या चुकीनंतर आम्ही चार नियम वहीत लिहिले. एक, ओसरीवर बोललेलं ओसरीवरच राहील. मदत लागली तर आधी जिची गोष्ट आहे तिला विचारायचं. दोन, कुणी बोललं की लगेच सल्ला द्यायचा नाही. तीन, "येशूनं मला सांगितलं की तू असं कर," असं दुसरीला म्हणायचं नाही. आपल्या मनात आलेलं सगळंच देवाचं नसतं. ज्यानं मन शांत होतं आणि माणसांवरची माया वाढते, ते जपायचं. ज्यानं भीती वाढते, ते सोडून द्यायचं. चार, गोष्टीत शिरताना कुणाची जुनी जखम उघडली, तर तिनं डोळे उघडावेत, बाहेर जाऊन पाणी प्यावं. त्यात कमीपणा नाही.

ती ताई परत यायला लागल्यावर तिनंच ती गोष्ट पुन्हा घ्यायला लावली. या वेळी ती बोलली. म्हणाली, "कोण शिवलं असं तो विचारतो ना, तेव्हा मला वाटलं, आता चारचौघांत ओरडणार. पण तो मुली म्हणाला. मला कुणी मुली म्हणून हाक मारल्याला किती वर्षं झाली." कुणी काही बोललं नाही. नियमच होता तसा. पण नियम नसता, तरी कुणी बोललं नसतं.

आता वाचायचं काम ती करते. येत्या रविवारी लूकच्या पंधराव्या अध्यायातली गोष्ट आहे. दहा नाण्यांतलं एक हरवलेली बाई दिवा लावते, घर झाडते, आणि नाणं सापडल्यावर शेजारणींना आनंदानं बोलावते. हिशोबात दहा रुपये कमी आले की काय होतं, ते आपल्याला कुणी सांगायला नको! मावशींनी तर आत्ताच जाहीर केलंय, "या वेळी मला नक्की दिसणार, झाडू माझ्याच हातात असणार."

तुमच्या घरी, तुमच्या धर्मात ज्या गोष्टी आहेत, त्यांतल्याही एखादीत असं जाऊन बसून बघा. कोण कुठे उभं आहे, ते बघा. आणि शेजारी बसलेली "पुढे" म्हणाली, तर तिला पुढे जाऊ द्या. तिची वेळ आली की ती बोलेल.

येते मी. नमस्कार.