शिंका आणि कुंपणापाशीचे गवत

भगिनींनो, पावसाळा सरू लागला की घरोघरी शिंका, नाक गळणे, डोळे चुरचुरणे सुरू होते. आले-तुळशीचा काढा घशाला आराम देतो. ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकून हुंगली की चोंदलेले नाक मोकळे वाटते. अडुळसा मात्र गर्भवतीला देऊ नये, मग सासूबाई काहीही म्हणोत! पण काढ्याने हवेतले परागकण थोडेच हटतात? १९५५ साली पुण्यात नजरेस आलेले गाजरगवत आज आपल्या कुंपणापाशीही माजले आहे. फुलोरा येण्यापूर्वीच, हातांना फडके गुंडाळून, नाकातोंडावर पदर बांधून ते मुळासकट उपटावे. ज्यांच्या अंगाला त्याने खाज सुटते त्यांनी दूरच राहावे. आणि छातीत घरघर होऊन धाप लागली, तर काढा उकळत न बसता तडक डॉक्टरांकडे जावे.