डाग जुना की नवा?

आज मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस या आजाराविषयी बोलू या. हा काही घरोघरी आढळणारा आजार नाही. पण होतो तो बहुतेक विशी ते चाळिशीत, ऐन संसाराच्या वयात, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुप्पट-तिप्पट.

मेंदूतल्या नसांवर एक वेष्टण असतं. या आजारात शरीराची रोगाशी लढणारी ताकदच चुकून त्या वेष्टणावर उलटते. विहिरीवरच्या मोटारीची वायर उंदराने कुरतडली, की मोटार कधी चालते, कधी बंद पडते ना? तसंच इथं होतं. एका डोळ्याने अंधुक दिसतं, पाय बधिर होतात, चालताना तोल जातो. काही आठवड्यांनी बरंही वाटतं. मग घरातले म्हणतात, "कामाचा कंटाळा, दुसरं काय!" कुणी अंगारा लावतं. दिवस निघून जातात आणि आजार आत वाढत राहतो.

ही इजा डोळ्यांनी दाखवते ती एमआरआय तपासणी. 1981 साली लंडनच्या डॉक्टरांनी एमएसचे डाग एमआरआयवर पाहिले आणि या आजाराची तपासणीच बदलली. यात एक्स-रे नसतो. मोठं लोहचुंबक असतं आणि माझा आवाज तुमच्यापर्यंत आणणाऱ्या रेडिओलहरींच्याच जातीच्या लहरी असतात. इजा झालेली जागा फिल्मवर पांढऱ्या डागासारखी दिसते. मात्र प्रत्येक पांढरा डाग एमएसचा नसतो. वयामुळे, रक्तदाबामुळे, अर्धशिशीमुळेही डाग दिसतात. निदान डॉक्टरांनीच करायचं.

आता मुख्य मुद्दा. "एकदा एमआरआय झाला, आता बरं वाटतंय, परत कशाला खर्च?" असं आपण म्हणतो. पण बचत गटाच्या वहीतली एकच नोंद बघून गट वर चाललाय की खाली, कळतं का? दर महिन्याच्या नोंदी ताडून बघाव्या लागतात. एमआरआयचंही तसंच. काही त्रास होत नसतानाही मेंदूत नवे डाग येऊ शकतात. जुन्या फिल्मशेजारी नवी ठेवली, की कोणता डाग जुना, कोणता नवा, कोणता मोठा झाला, ते कळतं. कधी शिरेतून औषध टोचून फोटो काढतात. सूज ताजी असेल तर तो डाग उजळतो.

म्हणून औषध सुरू झाल्यावर काही महिन्यांनी आणि पुढे बहुधा वर्षातून एकदा एमआरआय सांगतात. नवा डाग दिसला म्हणजे सगळं संपलं असं नाही. औषध पुरं पडतंय की बदलायचं, हे त्यावरून ठरवता येतं. गेलेली ताकद परत आणणं अवघड असतं, पण पुढची इजा कमी करणारी औषधं आज आहेत.

काही गोष्टी लक्षात ठेवा. फिल्म, रिपोर्ट आणि सीडी तिन्ही मागून घ्या. फिल्म घडी घालू नका, चुलीजवळ ठेवू नका. दर वेळी जुनं सगळं सोबत न्या. जमेल तर त्याच ठिकाणी, त्याच मशीनवर तपासणी करा. माप एकच असलं की तुलना नीट होते. आत जाण्याआधी मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, केसातल्या पिना काढा. अंगात तांबी, पेसमेकर किंवा हाडात सळई असेल, दिवस गेले असतील, मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर आधीच सांगा. मशीनचा आवाज मोठा असतो, घाबरू नका, फक्त हलू नका.

आणखी एक. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करतानाही हेच कागद उपयोगी पडतात.

गटातली एखादी बाई वारंवार अडखळत असेल, हातातून भांडं सुटत असेल, तर तिला हसू नका. तिच्यासोबत दवाखान्यात जा. आणि तिच्या फिल्मची पिशवी गटाच्या वहीइतकीच जपा.