बुंध्याभोवतीची मोकळी माती

वैशाखात यवतमाळचा पारा ४५ अंशांशी जाऊन भिडला, की बसस्थानक चौकातून दत्त चौकाकडे पायी निघालेला मनुष्य सावली शोधीत चालतो. परंतु ती सावली देणाऱ्या झाडाचा धनी कोण, हा प्रश्न त्याच्या मनात क्वचितच उद्भवतो. सार्वजनिक रस्त्याच्या हद्दीतील झाड नगरपरिषदेच्या, म्हणजे पर्यायाने आपल्या सर्वांच्या मालकीचे असते. १९७५ च्या राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्याने नागरी क्षेत्रांत वृक्ष प्राधिकरणाची आणि दर पाच वर्षांनी वृक्षगणनेची तजवीज केली, २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांचे व त्याहून जुने वृक्ष प्राचीन ठरविले. दप्तरात एवढी व्यवस्था असताना झाडे वाळतात, कारण त्यांच्या पायाशी माती उरत नाही.

आपल्याकडील कास्तकार गोऱ्हा घरी आणतो, तेव्हा पोळ्याला त्याच्या अंगावर झूल घालतोच, पण वर्षभर गव्हाणीत कुटार टाकतो, वेळच्या वेळी पाणी दाखवितो आणि मान भरू लागली की दावे सैल करतो. १९५० साली कन्हैयालाल मुनशींनी सुरू केलेला वनमहोत्सव हा झाडांचा पोळाच होय. मात्र त्या दिवशी मिरविलेल्या रोपाचे दावे पुढे कोणी सैल करीत नाही. संरक्षक पिंजऱ्याची लोखंडी पट्टी वाढत्या खोडात रुतत जाते, साल तिच्यावर चढते, आणि मग पट्टी काढावयाची तर सालही सोलून निघते. गव्हाण म्हणजे झाडाचे आळे; त्यावर आपण पेव्हर ब्लॉक बसवितो, सिमेंट थेट बुंध्याला नेऊन भिडवितो, आणि मृगाचे पाणी मुळांना न मिळता नालीत जाते.

मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, हे पुन्हा सांगणे मला अगत्याचे वाटते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा हुकूम दिला होता. तोच एक मीटर आपल्या रस्त्यांच्या निविदेत स्पष्ट लिहिला जावा. वृक्षगणनेच्या नोंदवहीत जात आणि घेर यांच्याबरोबर आळे मोकळे आहे की नाही, पिंजरा केव्हा काढला, याचीही नोंद व्हावी. दुकानदार बंधूंनो, दुकानापुढे फरशी वाढविताना बुंधा गाडू नका. दुपारी गिऱ्हाईक तुमच्या दाराशी थांबते ते त्या झाडामुळेच. एक मीटर, श्रोतेहो, चहूबाजूंनी एक मीटर मोकळी माती!

छाटणीविषयीही बोलावयाचे होते. वीजतारांसाठी एकाच अंगाच्या फांद्या तोडल्याने झाडाचा तोल जातो, म्हणून रस्त्याची रुंदी आणि तारांची उंची पाहूनच कोठे कडुनिंब, कोठे करंज, हे लावतानाच ठरविले पाहिजे. पण मला दिलेली मिनिटे संपत आली आहेत, आणि तो विषय एवढ्यात आटोपणारा नाही.