कामाच्या प्रवासातील उरलेले तास
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आमच्या पुतण्याचा मोटारींचे रबरी बुश तयार करण्याचा लहानसा कारखाना भोसरीस आहे, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. २०२४ साली मंडळाच्या उद्योग-साहाय्य निधीतून त्यास बिनव्याजी कर्ज मिळाले व त्या बळावर जर्मनीतील फ्रांकफुर्ट येथील ऑटोमेकॅनिका प्रदर्शनात त्याने आपला माल मांडला. पुढे तेथील काही छायाचित्रे घरोघर फिरली. त्यांत यंत्रांपेक्षा नदी, पूल व चित्रसंग्रहालय हीच अधिक होती. तेव्हा एका वयोवृद्ध सभासदांनी प्रश्न केला, की निधीचा पैसा धंद्यासाठी दिला होता की फिरण्यासाठी? प्रश्न रास्त आहे. सार्वजनिक पैशाविषयी तो कोणी विचारलाच नसता, तर आम्हांस अधिक वाईट वाटले असते. त्या प्रवासात आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातील शिलकीवर सोबत गेलो होतो. म्हणून उत्तर देण्याचे काम आम्हीच पत्करले आहे.

प्रथम वेळेचा हिशेब. हे प्रदर्शन दर दोन वर्षांनी भरते. त्या वर्षी ते १० ते १४ सप्टेंबर, म्हणजे मंगळवार ते शनिवार, असे पाच दिवस होते. सकाळी दालने उघडल्यापासून सायंकाळी ती बंद होईपर्यंत पुतण्या आपल्या जागेवरून हलला नाही. दुपारचे जेवणही आम्ही आळीपाळीने उभ्या उभ्या उरकले. घरून नेलेले थालीपीठ दोन दिवस पुरले. त्यानंतरचे न सांगितलेलेच बरे. मग पाहावयास वेळ कोठून मिळाला? तो पहाटेने दिला. उन्हाळी वेळेनुसार तेथील घड्याळ आपल्यामागे साडेतीन तास असते. तेथे पहाटेचे चार वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेसात वाजून गेलेले असतात आणि आपले शरीर आपल्याच घड्याळाने जागे होते. पश्चिमेस जाणाऱ्या प्रवाशास निसर्गाने दिलेली ही जणू सूटच आहे. पुष्कळ लोक ती अंथरुणात कूस बदलण्यात घालवितात. आम्ही दोघे उजाडताच, सातच्या सुमारास, माइन नदीच्या काठी असू. १८६९ साली प्रथम खुला झालेला तो लोखंडी पादचारी पूल ओलांडावा, पलीकडून गावाकडे पाहावे आणि न्याहारीस परत यावे. यास एक पैसाही पडत नाही.

सायंकाळीही दोन घटका मिळत. प्रदर्शनाच्या दाराशीच भुयारी रेल्वेचे स्थानक आहे. तेथून चौथ्या क्रमांकाच्या मार्गाची गाडी, मध्ये न बदलता, काही मिनिटांत जुन्या गावातील रोमर चौकाशी सोडते. सप्टेंबरच्या मध्यास सूर्य पावणेआठला मावळतो; त्यामुळे सहानंतरही उजेड असतो. महायुद्धात १९४४ च्या बाँबवर्षावाने हे जुने गाव बेचिराख झाले. आज दिसणारी त्यातील ३५ घरे २०१२ ते २०१८ या काळात बांधलेली आहेत आणि त्यांतली १५ जुन्या घरांच्या बरहुकूम आहेत. जवळच संत पौलाचे लंबवर्तुळाकार मंदिर आहे. जर्मनीची पहिली राष्ट्रीय सभा १८ मे १८४८ रोजी तेथे भरली. तेही जळाले होते. शंभर वर्षे भरली त्याच दिवशी, १८ मे १९४८ रोजी, ते पुन्हा उघडण्यात आले. खावयास पुरेसे नसलेल्या त्या दिवसांत लोकांनी आधी हे उभारले, याचे आम्हांस फार नवल वाटले.

परंतु खरी गोष्ट गुरुवारची आहे. तीन दिवस होत आले तरी एकाही ग्राहकाने नमुना मागितला नव्हता. लोक येत, बुश हातात घेऊन दाबून पाहत, पत्रक घेत आणि पुढे जात. त्या सायंकाळी पुतण्या खोलीवर जाऊन पडून राहण्याच्या विचारात होता. कारखान्यातील अकरा माणसांचा संसार आणि आपणां सर्वांचा पैसा त्याच्या छातीवर बसला होता. आम्ही म्हणालो, “बाळ, खोलीत बसून गिऱ्हाईक येणार नाही. चल.” श्टेडेल हे चित्रसंग्रहालय गुरुवारी रात्री नऊपर्यंत उघडे असते. त्यात शेकडो चित्रे आहेत. आम्ही एकाच चित्रापुढे अर्धा तास बसलो. डच चित्रकार व्हर्मीर याने १६६९ साली काढलेले ते ‘भूगोलज्ञ’ नावाचे चित्र. एक मनुष्य हाती कंपास घेऊन नकाशावर ओणवा झाला आहे आणि मध्येच खिडकीकडे पाहत आहे. मागे कपाटावर पृथ्वीचा गोल आहे. जन्मभर वर्गात असाच गोल फिरविल्यामुळे आमची दृष्टी प्रथम त्यावर गेली. त्या गोलाची आपल्याकडे वळविलेली बाजू हिंदी महासागराची आहे! त्याच शतकात डच व्यापाऱ्यांची वखार आपल्या वेंगुर्ल्यास होती. आम्ही हे सांगताच पुतण्या प्रथमच हसला व म्हणाला, “काका, म्हणजे हे लोक आपल्याकडे माल मागायला आले, आणि आज मी इथे विकायला आलोय.”

दुसऱ्या दिवशी पोलंडच्या एका व्यापाऱ्याने दोन नमुने मागितले व २०२५ साली त्याची पहिली लहान मागणी आली. चित्र पाहिले म्हणून ती आली, असे आम्ही म्हणत नाही. माल चांगला होता म्हणून आली. परंतु शुक्रवारी सकाळी जागेवर जो मनुष्य उभा राहिला, तो गुरुवारी सायंकाळचा नव्हता, एवढे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

प्रदर्शन शनिवारी संपले. रविवारी तेथे दुकाने बंद असतात, म्हणून खरेदीचा मोहही टळला. विमान सायंकाळचे होते. सकाळी महाकवी गटे याचे जन्मघर पाहिले. तो तेथे १७४९ साली जन्मला. २२ मार्च १९४४ रोजी, म्हणजे त्याच्या पुण्यतिथीसच, बाँब पडून घर नष्ट झाले. मात्र आतील सामान आधीच सुरक्षित हलविले असल्याने १९५१ पर्यंत घर पुन्हा उभारून ते जागच्या जागी मांडता आले. आजीने नाताळात दिलेला बाहुल्यांचा रंगमंच तेथे आहे. ज्या कवीने आपल्या शाकुंतलाचे १७९१ चे जर्मन भाषांतर वाचून त्याची थोरवी गायिली आणि ‘फाउस्ट’च्या आरंभी आपल्या नाटकांतील प्रस्तावनेचा धडा घेतला, त्याचे नाट्यप्रेम ज्या खेळण्यापासून सुरू झाले ते खेळणे पाहताना आम्हांस किर्लोस्करांच्या १८८० च्या संगीत शाकुंतलाची आठवण झाली. मुलांस खेळणी देताना आजीमंडळींनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

आता पैशाचा हिशेब. दोन्ही संग्रहालयांची दोघांची तिकिटे सत्तर युरोंच्या आत झाली व ती आमच्या खिशातून गेली. निधीच्या खात्यात फक्त जागाभाडे, मालाची वाहतूक आणि पुतण्याचे तिकीट एवढेच आहे. पावत्या चिटणिसांकडे पाहावयास मिळतील.

यंदा ज्यांचे अर्ज आले आहेत त्यांस दोन सूचना. कामानंतर एखादा दिवस राहावयाचे असल्यास तो दिवस व्हिसाच्या मुदतीत व विम्याच्या तारखांतही बसला पाहिजे; शेंगेन देशांसाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. दुसरे, तिकडे पुष्कळ संग्रहालये सोमवारी बंद असतात, हे निघण्यापूर्वीच पाहून ठेवावे. फ्रांकफुर्टचा खुणा केलेला नकाशा आमच्यापाशी आहे. ज्यांस हवा असेल त्यांनी रविवारी सकाळी घरी यावे.